कुंदा सिस्टर आणि लग्नपत्रिकेची मागची बाजू

तुमच्या सुनेच्या गळ्याकडे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मंगळसूत्राकडे नव्हे. ते तुम्ही रोज पाहता. एक मणी ओघळला तरी तुमच्या लक्षात येतं. मी गळ्याबद्दल विचारते आहे. पाण्याचा घोट गिळताना जो वरखाली होतो, त्या गळ्याबद्दल.

पाहिला नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मीही कुणाचा पाहत नव्हते. मला ते शिकवलं कुंदा सिस्टरांनी. वर्गात बसवून नाही. माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर बसून, माझ्या पाठीत बोट खुपसून. "ए पत्रकवाली, हळू चालव. ती विहिरीवरची पोरगी बघ. मान वर करते तवा बघ."

कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे. तिथल्या उपकेंद्रात कुंदा सिस्टर नर्स होत्या. राहायला कर्जतला लागून असलेल्या भिसेगावात. सकाळी कर्जतहून जीपने कशेळ्याला यायच्या आणि तिथून पुढे जे वाहन मिळेल त्याने: टेंपो, दुधाची गाडी, कुणाची तरी मोटारसायकल. बुटक्या, गोल, पदर खांद्यावर घट्ट टाचलेला आणि त्या पदराला उलटं लटकवलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ. चालत्या जीपमध्ये त्यांनी दोन बाळंतपणं केली होती, पण स्कूटीचं हँडल धरायला त्या घाबरायच्या. म्हणून शेवटचं दीड वर्ष त्यांना गावोगाव फिरवायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांची एक सवय साऱ्या भागाला माहीत होती. आपल्याकडे कुणी घरी आलं की आधी पाणी देतात. सून तांब्या-पेला घेऊन बाहेर यायची. कुंदा सिस्टर पेला हातात घ्यायच्या, परत तिच्याच हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी तू पी." सून बावरायची, सासूकडे बघायची, मग एक घोट प्यायची. सिस्टर तिच्या गळ्याकडे टक लावून बघत असायच्या. "अजून एक. मान जरा मागं टाक." मगच स्वतः पाणी प्यायच्या.

याचा एकदा मोठा घोळ झाला. पलीकडच्या वाडीतल्या गंगारामतात्यांचा गैरसमज झाला की बाईंना आमच्या पाण्याचा संशय आहे. तात्या ओसरीवरून गरजले, की आमच्या घरात तीन पिढ्या पाव्हण्यांनी पाणी पिलं, कुणी मेला नाय. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तात्या, पाण्यात काय नाय हो. सुनेच्या गळ्यात गाठ हाय का ते बघते. घोटाबरोबर वर सरकते ती." तात्या चार माणसांदेखत पेला उचलून म्हणाले, "मग माझाबी बघा." लागोपाठ दोन पेले त्यांनी घटाघटा रिचवले. सिस्टरांनी वाकून नीट पाहिलं आणि निकाल दिला, "तुमच्या गळ्यात नुसता आवाज हाय."

त्या दिवशी सुनेच्या गळ्यात मात्र खरंच काहीतरी होतं. तिला दुसरा महिना होता. तिच्या रक्ताची तपासणी झाली, गोळी चालू झाली आणि पुढे मुलगी झाली ती ठणठणीत. तात्या अजूनही सांगतात, की आमच्या नातीचा आजार पाण्यात पकडला.

थायरॉइड हा शब्द आता खेड्यातही सगळे म्हणतात, पण त्याचा बाळाशी काय संबंध ते कुणाला सांगता येत नाही. सिस्टर सांगायच्या ते असं: "पहिले तीन म्हैने पोराला सवताची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याचं डोकं बनायचं काम आईच्या लायनीवर चालतं. आईकडची लाइट गेली, तर पोराकडं कसा उजेड पडंल?" लाइट जाणं म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे हे वाक्य बायकांना एका दमात कळायचं.

माझी आणि त्यांची ओळख भांडणाने झाली. आमचं घर पत्रकांचं. वडील चळवळीतले, गाद्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त, आणि मला अक्षरओळख झाली तीच 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर. गावात एका बाईच्या थायरॉइडच्या गोळ्या घरच्यांनी गरोदरपणात बंद केल्याचं मी ऐकलं आणि पेटून उठून रात्रभरात एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'मातांनो, जाग्या व्हा'. छापून उपकेंद्रात घेऊन गेले. सिस्टरांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मग पेन काढून काहीतरी मोजू लागल्या.

"ह्यात 'जाग्या व्हा' सहा येळा हाय," त्या म्हणाल्या. "'रक्त तपासा' एकदाबी नाय. आणि जागं कुणाला करतेस गं? चारला उठतात त्या."

मी संतापून निघून आले. आठ दिवसांनी कशेळ्याच्या बाजारात त्या मला भेळ खाताना दिसल्या. हातातला कागद ओळखीचा होता. मला बघून त्यांनी शेवटचा कुरमुरा तोंडात टाकला, कागद उलगडून माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या की आता तुझं पत्रक घराघरांत जाईल बघ. मला रडू यायचंच बाकी होतं. मग त्यांनी मला बाकावर बसवलं, स्वतःच्या पिशवीतून पुठ्ठ्याच्या तुकड्यांची एक चळत काढली आणि एक तुकडा माझ्या हातात दिला. "हे फाडून दाखव."

तो लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा होता. पुढे सोनेरी, उठावाचा गणपती. मागची बाजू कोरी.

ज्या घरात देवाचा एक फोटो टांगलेला नाही, तिथे मी वाढले. तरी माझी बोटं थांबली. "तुझ्या बापालाबी जमणार नाय," सिस्टर म्हणाल्या. "लोकं लग्नाला गेली नाय तरी पत्रिका टाकत नाय. कपाटावर पडून असते, गणपती हाय म्हनून. मग मी मागून लिवते."

मागून काय लिहायच्या? पोटुशी बाईचं नाव. कसली गोळी, कधीपासून, किती. गळ्याचं काही दुखणं, साखर, कधी ऑपरेशन. आधीच्या बाळाला काही झालं होतं का. बस, इतकंच, मोठ्या अक्षरात. कारण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सासरहून निघते तेव्हा तिच्या पिशवीत साड्या असतात, दुपटी असतात, सासूने बांधून दिलेली खोबऱ्याची वाटी असते. दवाखान्याची फाइल मात्र सासरच्या कपाटात नवऱ्याच्या पॉलिसीखाली राहते. माहेरच्या डॉक्टरपुढे ती येते ती कोरी पाटी होऊन. आईच्या अंगात काय चाललं होतं हे ज्यांना माहीत ते एकीकडे, आणि बाळ जन्माला येतं दुसरीकडे. आमच्या चळवळीतल्या लोकांनी यावर चार ठराव केले असते. सिस्टरांनी कात्री घेतली.

गावोगाव लोक त्यांच्यासाठी पत्रिका ठेवू लागले. जीपवाले आणून द्यायचे. त्यांच्या पिशवीत कायम दोन गोष्टी असत, गणपती आणि शेंगदाण्याची चिक्की.

त्यांना सगळ्यात जास्त चीड होती ती 'नॉर्मल' या शब्दाची. कुणी म्हटलं की सगळं नॉर्मल आहे, की त्या विचारायच्या, "कोण म्हनलं? कागद म्हनला का मानूस?" माणूस म्हणाला असेल तर त्या हात पुढे करून कागद मागायच्या.

खालापूरच्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांची बहीण दिली होती. तिथे एका घरात सव्वाचार किलोचा मुलगा झाला. काकाने हौसेने चौकात फ्लेक्स लावला. बाळाचा फोटो, बाजूला वाघाचं चित्र आणि खाली 'सव्वाचार किलोचा ढाण्या वाघ'. सिस्टर बहिणीकडे जेवायला म्हणून गेल्या होत्या. फ्लेक्स बघून जेवण टाकून थेट त्या घरी. वाघ झोपला होता. घरात सगळे म्हणत होते, किती शहाणं आहे, रडत नाही, दूधसुद्धा मागत नाही. सिस्टरांनी दुपटं बाजूला केलं. बाळाचे हात बारीक थरथरत होते. त्यांनी आईला तिथल्या तिथे उठवून बाळाला अंगावर पाजायला लावलं आणि दवाखान्यात न्यायला गाडी मागवली. टाचेला टोचून पाहिलं तर साखर बरीच खाली गेलेली. आईला गरोदरपणात साखर होती. तीही फाइल दुसऱ्या गावी.

गाडीत काकाला त्यांनी समजावलं. आईच्या रक्तातली जादा साखर पोटात पोराला आयती मिळत होती, म्हणून ते फुगलं. ती पचवायला पोराच्या अंगानं जोरात काम चालू केलं. नाळ कापली, साखर थांबली, पण अंगाला काम थांबवायचं कळलं नाय. मग उरलीसुरली साखर पन फस्त. "वाघ नाय हो तो," त्या म्हणाल्या, "उपाशी पोर हाय. बोर्ड उतरवा आणि आईला पाजायला येळ द्या." दोन दिवसांत बाळ छान झालं. काकाने फ्लेक्स उतरवला, पण फेकून न देता त्याचं लाकडांवर छप्पर केलं. पुढे कितीतरी दिवस तो वाघ परसात उन्हापावसात सरपण राखत होता.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की बाई कधी चुकल्या नाहीत. एकदा चुकल्या होत्या आणि ते त्या स्वतः सांगायच्या, मलाही न विचारताच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका वाडीतल्या गरोदर बाईने त्यांना विचारलं होतं, की गळ्याची गोळी चालू ठेवू का, घरचे नको म्हणतात. "मी बोलले, पोटुशी बाईनं कशाला जादा गोळ्या खायच्या. मीच बोलले." त्या बाईची मुलगी आता मोठी आहे. उशिरा चालली, उशिरा बोलली, सगळं सावकाश करते. डॉक्टर म्हणाले, त्या गोळीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. सिस्टर म्हणायच्या, त्यामुळे नाय झालं असंबी कोन सांगत नाय. दर दिवाळीला त्या तिच्यासाठी चिक्की आणि बांगड्या घेऊन जायच्या. ती मुलगी त्यांना बघून एवढी खूश व्हायची, की सिस्टर परत येताना माझ्या मागे बसून एक शब्द बोलायच्या नाहीत.

आता सारिकाची गोष्ट सांगते. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

सारिका माझ्या शाळेतली, एक वर्ष पुढे. तिची आई पारूमावशी आमच्याच आळीत राहते. चार-पाच वर्षांपूर्वी सारिका सहा महिने मुंबईला मामाकडे होती. कोर्स करायला गेलीय, असं गावाला सांगितलं होतं. आल्यावर वर्षाने लग्न झालं, खालापूरकडच्या गावात. नवरा कारखान्यात पर्मनंट. सासू सुमनबाई उंच, मोठ्या आवाजाच्या, आणि आमच्या गावात त्यांची कीर्ती अशी की त्या लग्नात पंगतीतल्या पापडाचे तुकडे तपासत फिरल्या होत्या. सारिकाला दिवस गेले आणि आठवा सरता सरता ती बाळंतपणाला माहेरी आली. डोहाळजेवण मावशींनी इथेच करायचं ठरवलं. सासरहून सुमनबाई आणि दोघी-तिघी बायका आल्या.

कुंदा सिस्टर हद्दीतल्या प्रत्येक डोहाळजेवणाला जायच्या, बोलावणं असो वा नसो. पेढा की बर्फी या खेळाचा त्यांना राग. दोन वाट्या पालथ्या घालून गरोदर बाईला एक उचलायला लावतात, पेढा निघाला तर मुलगा. सिस्टर आल्या की गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही वाट्यांखाली चिक्की ठेवायच्या. त्याही दिवशी सारिकाने वाटी उचलली, चिक्की. सुमनबाईंनी दुसरी उचलली, चिक्की. "काय होनार म्हनायचं?" त्यांनी विचारलं. "रक्त वाढनार," सिस्टर म्हणाल्या. बायका हसून लोटपोट.

सारिकाला फुलांचे दागिने घातले होते. पांढऱ्या शेवंतीचा हार, पण साधा नाही, हनुवटीपर्यंत चढलेला, कॉलरसारखा. इतका उंच हार मी कधी पाहिला नव्हता. सिस्टरांनी नेहमीसारखा पाण्याचा पेला तिच्याकडे दिला. सारिका प्यायली, पण शेवंतीशिवाय काही दिसेना. "हार जरा खाली घे गं." पारूमावशी एकदम पुढे आल्या, हार विस्कटंल, फोटो व्हायचेत, असं काहीतरी बोलल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुमनबाईंकडे, आणि विषय तिथेच सोडला. घड्याळ बघून म्हणाल्या, हिचं एक इंजेक्शन राहिलंय, आत चल.

इंजेक्शन काही राहिलं नव्हतं. आतल्या खोलीत आम्ही तिघीच होतो. सिस्टरांनी दार लावलं. सारिकाने न सांगताच हार काढला. गळ्याच्या खाली, मंगळसूत्राचे मणी जिथे टेकतात त्याच्या थोडं वर, एक बारीक आडवा व्रण होता. मुंबईचा कोर्स तो. ग्रंथी जास्त काम करत होती, डोळे मोठे झाले होते, छाती धडधडायची; ऑपरेशन करून काढली. सासरी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला व्रणाबद्दल सांगितलं, लहानपणी पत्रा लागला होता. रोजची गोळी ती कुंकवाच्या करंड्यात ठेवते आणि सगळे उठायच्या आत गिळते.

"पण आता तो आजार गेलाय ना, सिस्टर," ती म्हणाली. "काढूनच टाकलीय."

कुंदा सिस्टरांचे यजमान माथेरानला हॉटेलात कामाला होते. त्यांची काही वर्षं तिथल्या घोड्यांच्या सोबतीत गेली होती. त्या सारिकाच्या शेजारी पलंगावर बसल्या. "हे बघ. तुझ्या गळ्यात एक घोडा व्हता. त्याला कुनीतरी सारखं चाबूक मारत व्हतं, म्हनून तो उधळला. डॉक्टरनं घोडा काढून टाकला. पन चाबूकवाला अजून तुझ्या रक्तात फिरत असंल. तुला तो काय करनार, मारायला घोडाच नाय. पन पोटात एक शिंगरू हाय गं. त्याच्या गळ्यात इवलीशी ग्रंथी हाय."

सारिकाने पोटावर हात ठेवला. मग तिने एकच विनंती केली, सासूबाईंना सांगू नका. सिस्टर म्हणाल्या, मी नाय सांगणार, शब्द दिला. पण डॉक्टरला सांगावंच लागंल. त्यांनी पिशवीतून एक गणपती काढला आणि मागे सगळं लिहिलं: कसलं ऑपरेशन, कधी, कोणती गोळी, आणि शेवटी दोनदा अधोरेखित करून, 'बाळ जन्मल्यावर लगेच रक्त तपासावे'. येत्या गुरुवारी कर्जतच्या डॉक्टरांना दाखवायला सोबत यायचं त्यांनी कबूल केलं.

मी मात्र तणतणत घरी आले. कुणाचा राग येत होता मला? सुमनबाईंचा? पारूमावशींचा? मुलीच्या गळ्यावर एक टाका दिसला तर स्थळ परत जातं, हे ज्यांनी ठरवलं त्या सगळ्यांचा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला मुलगा पोट दाखवत चौकात फिरतो. मुलगी आजारातून बरी झाली तर ती बरी झाल्याचंच लपवायचं. आणि ते लपवता लपवता अजून जन्माला न आलेल्या जिवाची माहितीही गाडून टाकायची. मुलगी दाखवण्याच्या प्रत्येक कार्यक्रमात चहा-पोहे खाणाऱ्या आपण सगळ्यांनी मिळून तो हार विणला होता.

गुरुवार उजाडायच्या आधी मंगळवारीच सारिकाला कळा सुरू झाल्या. सिस्टर त्या दिवशी प्रशिक्षणाला अलिबागला होत्या. दवाखान्यात सारिकाला विचारलं, कधी काही आजार, काही ऑपरेशन? विचारलं तेव्हा सुमनबाई तिचा हात धरून शेजारी उभ्या होत्या. सारिकाने आईकडे पाहिलं. पारूमावशी म्हणाल्या, "काय नाय. सगळं नॉर्मल."

मुलगी झाली. थोडी लवकर, वजनाला हलकी. तिसऱ्या दिवशी घरी आणली. सिस्टरांचं प्रशिक्षण लांबलं होतं, आणि पत्रिका डॉक्टरांपर्यंत पोचली असेल असंच आम्ही धरून चाललो होतो. चौथ्या दिवशी सकाळी मी सिस्टरांना घेऊन पोचले तेव्हा खोलीत कौतुकाचा पूर आला होता. पोरगी कशी टकमक बघते, किती मोठे डोळे, किती चलाख, झोपतच नाही, सारखी पिते. सुमनबाई मांडीवर नात घेऊन सांगत होत्या, की आमच्या घरातली सगळी बाळं चार दिवस डोळे उघडत नव्हती, ही बघा पोलिसासारखी पहारा देतेय.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, चोळून गरम केले आणि बाळाच्या छातीवर तळवा ठेवला. पदराचं घड्याळ दुसऱ्या हातात धरलं. मला आठवतं, सेकंदकाटा पूर्ण एक फेरा फिरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग बाळाचं अंग चाचपलं. घामाने ओलसर होतं. तागडीत घातलं तर इतकं पिऊनही वजन जन्मापेक्षा बरंच कमी.

"पारू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गणपती कुठाय?"

पारूमावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. सुमनबाईंना काही कळेना, त्या म्हणाल्या, कसला गणपती, भादवा गेला की. मावशींनी भिंत सोडली. त्या देव्हाऱ्याकडे गेल्या, मागच्या फळीला हात घातला आणि अन्नपूर्णेच्या मागून तो पुठ्ठ्याचा तुकडा काढला. दवाखान्यात निघताना त्यांनी तो चुलीत घालायला हातात घेतला होता. गणपती बघून धीर झाला नाही. देवाच्या मागे देव ठेवून दिला.

सुमनबाईंनी हात पुढे केला, "काय हाय ते?" सिस्टरांनी तो तुकडा त्यांना दिला नाही. त्यांनी तो सारिकाच्या हातात ठेवला. "मी शब्द दिलाय, मी नाय बोलनार. पन गाडीत बसायच्या आत कुनीतरी बोलाय पायजे, आणि हे पोरीचं काम थांबायचं नाय."

सारिका पलंगावर उठून बसली. गळ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ तिने सोडला आणि सासूकडे बघून सगळं सांगितलं. ऑपरेशन, करंडा, पत्र्याची गोष्ट, सगळं. एकदाही रडली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुमी मला काय बोलायचं ते बोला, आई. पन हिला न्यायचंय."

मी सुमनबाईंकडे पाहिलं. त्यांनी सुनेचा गळा पाहिला, मग विहिणीला पाहिलं, मग परत मांडीवर आलेल्या पोलिसाला. "फसवलंत तुमी आमाला," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर मी भांडनार हाय. सोडनार नाय. पन ते घरी गेल्यावर. आधी गाडी कुठाय?" आणि आमच्यापैकी कुणी हलायच्या आत त्या नातीला पदरात घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि पहिलीच आलेली जीप, तिच्यातली बाजारची माणसं खाली उतरवून, ताब्यात घेतली. ज्या आवाजाची आमच्या गावाला धास्ती होती, तो त्या दिवशी कामाला आला.

कर्जतच्या डॉक्टरांनी पत्रिका वाचली आणि पुढे पनवेलला बाळांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पत्रिका दोनदा वाचली, उलटून गणपतीही पाहिला आणि लगेच रक्त काढलं. शिंगराला चाबूक लागत होताच, बाळाची ग्रंथी उधळली होती. औषध सुरू झालं, हृदयाचा वेग आवरायलाही एक औषध दिलं. डॉक्टरांनी सांगितलं ते सिस्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं: चाबूकवाला, म्हणजे ग्रंथीला पळवणारा रक्तातला घटक, आईचा आहे, बाळाचा नाही, आईकडून आलेला काही महिन्यांत विरून जाईल, तोवर पोरीला सांभाळायचं. उशीर झाला असता, तर मात्र त्या चिमुकल्या हृदयाला ते दौडणं झेपलं नसतं.

पोरगी दहा दिवसांनी घरी आली आणि रात्री झोपू लागली. चौथ्या महिन्यात औषध बंद झालं. तेव्हा सुमनबाई ठरल्याप्रमाणे भांडायला आल्या. चांगल्या तयारीने आल्या होत्या, सोबत पापडही आणले होते. ओसरीवर बसून त्यांनी सुरुवात केली, "तर पारूबाई, तुमी आमाला..." तेवढ्यात नात त्यांच्याकडे बघून खदखदून हसली. सुमनबाई पुढचं विसरल्या. अजून त्यांना आठवलेलं नाही. सारिकाची गोळ्यांची बाटली आता सासरी टीव्हीच्या शेजारी उघड्यावर असते, आणि सकाळी ती विसरली तर सुमनबाई तिथूनच हाक मारतात, ते चार घरांना ऐकू जातं.

पारूमावशींना सिस्टर एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी बोलणार होते; माझं भाषण तयार होतं. सिस्टरांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. "गाडी चालव. ती आई हाय. तिनं पोरीचा संसार वाचवाय बघितला. तिला आपन दुसरा रस्ता कुठं दावला व्हता?" त्या दिवसापासून मी पत्रक लिहायच्या आधी विचार करते, की वाचणाऱ्याला मी रस्ता दाखवते आहे की नुसती ओरडते आहे.

गेल्या चैत्रात कुंदा सिस्टर निवृत्त झाल्या. आता लेकीकडे चिपळूणला असतात. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कशेळ्याच्या स्टँडवर. उपकेंद्रात नारळ-शाल झाली, भाषणं झाली आणि त्या नेहमीच्या जीपमध्ये, नेहमीच्या खिडकीशी बसल्या. सारिका सासरहून मुद्दाम आली होती. कडेवर सव्वा वर्षाची पोर, गळ्यात मंगळसूत्र, स्कार्फ नाही. ऊन फार होतं. तिने खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली.

"आधी तू पी," सिस्टर म्हणाल्या.

सारिका हसली. भर स्टँडवर मान मागे टाकून ती घटाघट पाणी प्यायली. तो बारीक व्रण उन्हात घोटाबरोबर वरखाली होत होता. कडेवरच्या पोरीने आईकडे बघून आपलीही मान मागे टाकली आणि हवेचा एक मोठा घोट घेतला. कुंदा सिस्टर खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या, तो इवलासा गळा बघत. जीप सुटली तरी त्या आत वळल्या नाहीत. वळणापर्यंत त्यांचं उलटं घड्याळ खिडकीबाहेर लोंबकळताना दिसत होतं.

आता तुम्ही एक करा. तुमच्या कपाटावर एखादी जुनी लग्नपत्रिका असेलच. ती काढा आणि गणपतीचा भाग कापून घ्या. घरात कुणी पोटुशी असेल, सून असो, लेक असो, शेजारीण असो, तिला एकटीला गाठा. सासूसमोर नको, नवऱ्यासमोर नको, आईसमोरही नको. गळ्याचं, साखरेचं, कधीकाळच्या ऑपरेशनचं विचारा आणि ती सांगेल ते मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून तिच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा. डॉक्टरच्या हातात पोचेपर्यंत ते तिथून हलू देऊ नका.

आणि विचारण्याआधी तिला पेलाभर पाणी द्या. ती पिताना बघा.